संपादक जातात, अंक निघतो

पेपरच्या इतिहासाचे विशेषांक साधारण एकाच साच्यातले असतात. संस्थापकांचा ठेवणीतला फोटो, पहिल्या अंकाचं पुसट झालेलं पान, मंत्र्यांचे शुभसंदेश, आणि 'वसा' हा शब्द जागा मिळेल तिथे. आयुष्य पेपरच्या संपादकीय डेस्कवर गेल्यामुळे असले अंक मीही लावलेत, त्यामुळे त्यांत काय येत नाही हेही मला पक्कं माहीत आहे. संपादक कसे आले ते सविस्तर येतं. कसे गेले ते 'प्रदीर्घ सेवेनंतर' या दोन शब्दांत उरकतं. मला विचाराल तर पेपर कळायचा असेल तर ती दुसरी यादी काढून बसावं.

इटलीतल्या मिलानहून निघणाऱ्या 'कोरिएरे देल्ला सेरा'ची ती यादी आता मला जवळजवळ पाठ झाली आहे. मुलगी नोकरीसाठी मिलानला गेली. तिच्याकडे राहायला गेलं की ती दिवसभर ऑफिसात, मग मी कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याकडून हा अंक आणायचो आणि शब्दकोश उघडून बसायचो. इटालियन मला अजून धड बोलता येत नाही. मथळे मात्र वाचता येतात, आणि मथळा हा आमचा धंदाच होता. वाचता वाचता आजच्या बातम्यांपेक्षा जुन्या भानगडींतच जास्त रस वाटायला लागला. हा पेपर दीडशे वर्षांचा आहे. भानगडींना तोटा नाही.

पहिला अंक ५ मार्च १८७६ चा. रविवार होता. मिलानचा कार्निव्हल इतर गावांसारखा मंगळवारी न संपता शनिवारपर्यंत चालतो, तेव्हा शहर आदल्या रात्रीच नाचून-पिऊन थकलेलं. त्या सुस्त रविवारी संध्याकाळी चार पानांचा हा पेपर रस्त्यावर आला. किंमत मिलानमध्ये ५ चेंतेसिमी, बाहेरगावी ७. संध्याकाळी निघणारा म्हणून नावात 'सेरा'. पुढे तो सकाळचा झाला तरी नाव संध्याकाळचंच राहिलं.

काढणारा माणूस मिलानचा नव्हताच. एउजेनिओ तोरेल्ली व्हिओलिए हा नेपल्सचा, आई फ्रेंच. गारिबाल्दीने १८६० मध्ये नेपल्स घेतलं तेव्हा अलेक्झांडर ड्यूमाने, हो, तोच तो कादंबरीकार, तिथे एक पेपर काढला होता. तोरेल्लीने तिथे उमेदवारी केली आणि मग नशीब काढायला तो मिलानला आला. मिलानमध्ये तेव्हा 'सेकोलो' नावाचा पेपर जोरात होता, जहाल लोकांचा, बक्कळ खपाचा. तोरेल्लीने त्याच्या उलट टोकाला दुकान मांडलं: आम्ही राजघराणं आणि राज्यघटना मानणारे, सबुरीने चालणारे. पहिलाच मुहूर्त असा लागला की, ज्या उजव्या पक्षाच्या पाठिंब्यासाठी पेपर काढला, त्याचं सरकार तेरा दिवसांनी, १८ मार्चला, कोसळलं. सुरुवातीचा खप जेमतेम तीन हजारांच्या घरात. कार्यालय गॅलरिया या छत असलेल्या बाजारपेठेतल्या खोल्यांत, संपादकासकट चार माणसं. तोरेल्लीची बायको मारिया आंतोनिएत्ता तोरियानी 'मार्केसा कोलोंबी' या नावाने लिहायची आणि ती नवऱ्याइतकीच, काहींच्या मते जास्तच, चांगली लेखिका होती. पुढे दोघांचं फाटलं.

१८८५ मध्ये पैसा आला तो बेनिन्यो क्रेस्पी नावाच्या गिरणीमालकाचा. सुताच्या गिरण्या. क्रेस्पी हे नाव इथून पुढे जवळजवळ नव्वद वर्षं या पेपरच्या डोक्यावर आहे, तेव्हा लक्षात ठेवलेलं बरं.

तोरेल्ली कसा गेला? १८९८ चा मे महिना. गव्हाचं पीक बुडालेलं, त्यात अमेरिका-स्पेन युद्धाने जहाजांचं भाडं चढलेलं, पाव महागला. मिलानचे कामगार रस्त्यावर उतरले. सरकारने शहर जनरल बावा बेक्कारिसच्या ताब्यात दिलं आणि त्याने जमावावर तोफा चालवल्या. मोंफोर्ते भागातल्या कापुचिन साधूंच्या मठात बंडखोर दडलेत असं समजून तोफेने भिंतीला भगदाड पाडलं. आत साधू होते आणि अन्नछत्राच्या रांगेतले भिकारी होते. मेलेल्यांचा सरकारी आकडा ऐंशीच्या आसपास, लोकांचा त्याच्या कितीतरी पट. 'सेकोलो' बंद पाडला गेला, त्याच्या संपादकाला अटक झाली. 'कोरिएरे'ला कुणी हात लावला नाही. तो सुव्यवस्थेच्या बाजूचा पेपर, आणि मालकमंडळींना हा बंदोबस्त हवाच होता. तोरेल्ली जन्मभर सबुरीवाला, पण हे त्याला गिळता आलं नाही. त्याने स्वतः जन्माला घातलेला पेपर सोडला. दोन वर्षांनी वारला. त्याच १९०० सालच्या जुलैमध्ये राजा उंबेर्तोवर मोंझात गोळ्या झाडल्या गेल्या. राजाने बावा बेक्कारिसला पदक दिलं होतं, त्याचा सूड.

पुढची गोष्ट लुइजी आल्बेर्तिनीची आणि ती थोडी रेंगाळत सांगण्यासारखी आहे. आंकोनाचा हा तरुण १८९६ मध्ये पेपरात साधा चिटणीस म्हणून लागला आणि १९०० मध्ये, तिशीसुद्धा न गाठता, संपादक झाला. लंडनला जाऊन 'टाइम्स' कसा चालतो ते त्याने बघून ठेवलं होतं. व्हिया सोल्फेरिनोवर लुका बेल्त्रामी या वास्तुकाराने बांधलेली २८ नंबरची इमारत १९०४ ची. तिच्यातल्या मोठ्या दालनात त्याने 'टाइम्स'च्या धर्तीवर एक लांबलचक टेबल मांडलं आणि संपादकीय खात्याला त्याभोवती बसवलं. मी त्या रस्त्यावरून पुष्कळदा गेलोय. मोस्कोव्हा स्टेशनला मेट्रोतून उतरायचं आणि ब्रेरा भागाच्या दिशेने चालायला लागायचं. रस्ता अरुंद आहे, इमारत अंगावर येत नाही. शेजारी कॉफीची दुकानं, कपड्यांची दुकानं. रात्री उशिरा वरच्या खिडक्यांत दिवे दिसले की माझी पावलं आपोआप रेंगाळायची. कुणीतरी पहिलं पान सोडत असणार आणि कुणीतरी त्याच्या डोक्यावर उभं राहून घड्याळ बघत असणार, एवढं मला न बघता सांगता येतं.

आल्बेर्तिनीने माणसं आणि यंत्रं दोन्हींवर पैसा ओतला. नवी रोटरी यंत्रं आणली, परदेशात वार्ताहर ठेवले, रविवारी वाचायला 'दोमेनिका देल कोरिएरे' हे साप्ताहिक होतंच. आकिल्ले बेल्त्रामे त्याचं मुखपृष्ठ रंगवायचा: आगगाडीचा अपघात, दरड, वाघाशी झटापट, राजाचं लग्न. घटनास्थळी न जाता, मिलानमध्ये बसून, चाळीसहून जास्त वर्षं. १९०८ मध्ये मुलांसाठी 'कोरिएरे देइ पिकोली' निघालं. अमेरिकन चित्रकथांतले तोंडातून निघणारे फुगे त्यांनी काढून टाकले आणि चौकटीखाली यमक जुळवलेल्या ओळी छापल्या. पोरांनी नीट वाचायला शिकलं पाहिजे ना! त्यातला सिन्योर बोनाव्हेंतुरा हा सेर्जिओ तोफानोचा मानसपुत्र दर गोष्टीत आधी अडचणीत सापडायचा आणि शेवटच्या चौकटीत त्याच्या हातात दहा लाख लिऱ्यांचा चेक असायचा. महायुद्धाच्या ऐन मध्यावर, १९१७ मध्ये, तो सुरू झाला. लोकांना तो का आवडला असेल हे वेगळं सांगायला नको.

आणि लुइजी बार्झिनी. बातमीदार कशाला म्हणतात हे नव्या मुलांना सांगताना मी त्याची एक हकीकत नेहमी सांगायचो. १९०७ मध्ये पेकिंगहून पॅरिसला मोटारीने जायची शर्यत लागली. रस्ते नाहीत, पेट्रोल उंटांवरून पुढे पाठवायचं. पाच गाड्या निघाल्या, त्यांतल्या 'इताला' गाडीत प्रिन्स शिपिओने बोर्गेझे, त्याचा मेकॅनिक एत्तोरे गुइत्सार्दी आणि बार्झिनी. १० जूनला पेकिंग सोडलं, १० ऑगस्टला पॅरिस गाठलं, पहिले आले. वाटेत जिथे तारघर लागेल तिथून बार्झिनी मजकूर पाठवायचा आणि तो मिलानमध्ये, लंडनमध्ये छापला जायचा. गोबीच्या वाळवंटातल्या अशाच एका तारघरात चिनी तारमास्तरने त्याच्या तारेवर क्रमांक टाकला: एक. बार्झिनीला वाटलं, आजची पहिली. चौकशी केल्यावर कळलं, तारघर उघडून सहा वर्षं झाली होती आणि तिथून गेलेली ही पहिलीच तार होती. सहा वर्षं रोज ऑफिस उघडून बसणारा तो तारमास्तर माझ्या डोक्यातून जात नाही. गाडी आता तोरिनोच्या मोटार संग्रहालयात आहे.

या सगळ्याचा परिणाम म्हणजे खप. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी 'कोरिएरे' पाच लाखांच्या पुढे गेला होता. तेव्हाच्या इटलीत, जिथे दक्षिणेकडे निम्म्या लोकांना अक्षरओळख नव्हती, हा आकडा अचाट आहे.

आल्बेर्तिनीला संत करायचं मात्र काही कारण नाही. १९१५ मध्ये इटलीने युद्धात उतरावं म्हणून त्याने पेपर अक्षरशः जुंपला. कवी दानुन्झिओच्या आरोळ्या त्याच पानांवर छापल्या. सहा लाखांवर इटालियन सैनिक त्या युद्धात मेले. युद्धानंतर मुसोलिनीची पोरं कामगारांची कार्यालयं जाळत होती, तेव्हा या उदारमतवादी गृहस्थाला आधी त्यात समाजवाद्यांवरचा उतारा दिसला. उशिरा डोळे उघडले, पण उघडल्यावर मिटले नाहीत, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं. १९२४ मध्ये समाजवादी खासदार मात्तेओत्तीला फॅसिस्टांनी पळवून ठार मारलं, त्यानंतर 'कोरिएरे' सरकारच्या मानगुटीवरच बसला. अंक जप्त होऊ लागले. पेपर जाळले जाऊ लागले. नावापुरता संपादक आता लुइजीचा भाऊ आल्बेर्तो होता, पण सूत्रं कुणाच्या हाती ते सगळ्यांना ठाऊक होतं.

पेपर बंद पाडायची मुसोलिनीला गरजच पडली नाही. त्याने मालकांकडे बोट केलं. आल्बेर्तिनी बंधू हे नुसते नोकर नव्हते, भागीदार होते. म्हणून भागीदारीच्या कागदांत कायदेशीर खोट शोधण्यात आली आणि क्रेस्पींनी करार मोडला. २८ नोव्हेंबर १९२५ च्या अंकात लुइजी आल्बेर्तिनीचा निरोपाचा लेख आला. पंचवीस वर्षांची कमाई एका लेखात आटोपून तो रोमजवळ शेती आणि गोठा बघायला निघून गेला, आणि १९१४ चं युद्ध कसं पेटलं याचा इतिहास लिहीत बसला. तीन जाडजूड खंड. १९४१ च्या डिसेंबरात वारला, खंड नंतर छापले गेले.

आमच्याकडे निदान निरोपाचा लेख तरी कुठे छापतात? मी ज्या पेपरात सर्वांत जास्त काळ होतो तिथे एक संपादक असेच गेले. संध्याकाळच्या मीटिंगला आले, पान एकची यादी ऐकली, 'बरं आहे' म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या केबिनला कुलूप. वाचकांना काही कळवायचं नाही असा वरून निरोप. बदल झाला तो फक्त शेवटच्या पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या टायपात, जिथे मुद्रक-प्रकाशक आणि 'पीआरबी (वृत्तपत्र-पुस्तक नोंदणी) कायद्यानुसार जबाबदार' वगैरे असायचं तिथे. जुनं नाव काढून नवं टाकायचं काम त्या रात्री माझ्याकडे आलं. दोन नावांच्या अक्षरांत फरक होता, ओळ एका शब्दाने पुढे सरकत होती, ती बसवण्यात दहा मिनिटं गेली. एकाही वाचकाचा फोन आला नाही. तेव्हापासून कुठलाही पेपर हातात आला की आधी माझी नजर तळाशी जाते.

आल्बेर्तिनीनंतरची अठरा वर्षं मी फार उगाळणार नाही. सरकारला हवं ते छापणाऱ्या पेपरचा इतिहास सगळ्या देशांत सारखाच असतो. आल्दो बोरेल्ली १९२९ ते १९४३ संपादक होता, मुसोलिनी पडला तशी त्याचीही उचलबांगडी झाली. पण याच काळात त्या इमारतीत रोज रात्री कामाला येणारा एक माणूस होता, दिनो बुत्साती. १९२८ च्या जुलैमध्ये तो शिकाऊ बातमीदार म्हणून लागला. रात्रपाळी, तारा चाळणं, पोलिसांना फोन, वाट बघणं. आजूबाजूला त्याच टेबलांवर केस पांढरे झालेली माणसं. आपलंही असंच होणार, काहीतरी मोठं घडेल म्हणून थांबता थांबता जन्म सरणार, या धास्तीतून त्याने सरहद्दीवरच्या किल्ल्यात शत्रूची वाट बघत म्हातारा होणाऱ्या एका अधिकाऱ्याची कादंबरी लिहिली. १९४० मध्ये ती आली आणि तिने त्याचं नाव जगभर नेलं. वाळवंट, किल्ला, लष्कर वगैरे सगळं त्यात आहे, पण ती डेस्कची कादंबरी आहे हे रात्रपाळी केलेल्या कुणालाही पहिल्या पन्नास पानांत कळतं. गंमत अशी की ती लिहूनही त्याने नोकरी सोडली नाही. युद्धात नौदलाच्या जहाजांवरून वार्तांकन केलं, १९४९ मध्ये सायकलींच्या 'जिरो' शर्यतीमागे फिरून कोप्पी-बार्ताली यांच्यावर लिहिलं, 'दोमेनिका' सांभाळलं, आणि १९७२ मध्ये मरेपर्यंत तो त्याच पेपरचा राहिला. त्याच्या डोक्यावरचे संपादक येत-जात राहिले. संस्था टिकते ती असल्या माणसांवर, असं म्हणायचा मोह होतो. पण फॅसिस्ट राजवटीतही बुत्साती तिथेच बसून होता, हेही त्याच वाक्यात म्हणायला लागेल.

एप्रिल १९४५ मध्ये मिलान मुक्त झालं. पेपर इतका बरबटलेला होता की त्याला जुन्या नावाने निघताच येईना. काही आठवडे बंद, मग 'कोरिएरे दिन्फोर्मात्सिओने' या नावाने, १९४६ च्या मेपासून 'नुओवो', म्हणजे नवा, कोरिएरे देल्ला सेरा. हे 'नवा' चिकटलेलं शेपूट १९५९ पर्यंत होतं. संपादक म्हणून मारिओ बोर्सा नावाचा म्हातारा उदारमतवादी आणला, फॅसिस्टांच्या तुरुंगात राहून आलेला. जून १९४६ मध्ये राजा की प्रजासत्ताक असं सार्वमत होतं. राजघराणं राखायचं म्हणून जन्मलेल्या या पेपरने बोर्साच्या हाताखाली प्रजासत्ताकाची बाजू घेतली. प्रजासत्ताक जिंकलं. क्रेस्पी कुटुंबाने दोन महिन्यांत, ऑगस्टमध्ये, बोर्साला नारळ दिला. जिंकणाऱ्या बाजूला असूनही.

त्याच्या जागी आला गुल्येल्मो एमानुएल. त्याच्या कारकिर्दीतली एक दुपार आपल्याशी जोडलेली आहे. ३० जानेवारी १९४८. दिल्लीत संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या, मिलानमध्ये तेव्हा दुपारचा पाऊण वाजत होता. बातमी व्हिया सोल्फेरिनोवर पोचली तेव्हा एमानुएलच्या खोलीत कवी एउजेनिओ मोंताले बसला होता. पन्नाशी उलटलेला, नावाजलेला, पण कायमची नोकरी नसलेला. लेखाचे पैसे मिळतील त्यावर चाललेलं. गांधींवर ताबडतोब लिहील असा कुणी हाताशी नव्हता. मोंताले टाइपरायटरवर बसला आणि दोनेक तासांत मजकूर देऊन मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी तो बिनसहीचा छापून आला, 'अर्धवट राहिलेलं कार्य' अशा अर्थाच्या मथळ्याखाली, आणि मोंतालेला संपादकीय खात्यात नोकरी मिळाली. १९७५ मध्ये त्याला साहित्याचं नोबेल मिळालं.

हे वाचलं तेव्हा मला एकदम दुसरी गोष्ट आठवली. गोळ्या झाडणारा नथुराम गोडसे हाही संपादकच होता, पुण्यातून निघणाऱ्या 'हिंदू राष्ट्र' या मराठी दैनिकाचा. त्याआधी त्याच पेपरचं नाव 'अग्रणी' होतं. आमच्या व्यवसायाच्या विशेषांकांत या संपादकाचा उल्लेख मी कधी पाहिला नाही. त्या दिवसाने मिलानमधल्या एका पत्रकाराला नोकरी दिली. इथे महाराष्ट्रात त्या दिवसानंतर कुणाकुणाची घरं जळली ते सांगायची गरज नाही.

१९५०-६० च्या दशकांतला 'कोरिएरे' म्हणजे मिलानच्या सुखवस्तू घरांतलं रोजचं भांडं. मान्यवर, संथ, सरकारशी गोडीने राहणारा. तिसरं पान मात्र बघण्यासारखं. इटलीच्या पेपरांत तेव्हा तिसऱ्या पानावर साहित्य, प्रवास, ललित असायचं, आणि ते पान लेखक लोक लढवायचे. कादंबरीकार आल्बेर्तो मोराव्हिआ १९६१ मध्ये हिंदुस्थान फिरला तो याच पानांसाठी लिहायला. त्याच्याबरोबर मुंबईच्या गेटवेपाशी फिरणारा कवी आणि सिनेदिग्दर्शक पासोलिनी प्रतिस्पर्धी 'जोर्नो'साठी लिहीत होता. एकाच हॉटेलात उतरलेले दोन मित्र, दोन पेपर.

१९६८ मध्ये इतिहासाचा प्राध्यापक जोव्हान्नी स्पादोलिनी संपादक झाला. गोलमटोल, विद्वान, सावध. बाहेर विद्यार्थी, संप, बॉम्बस्फोट असा गदारोळ आणि आत हा तोल सांभाळत बसलेला. मालकीणबाई होत्या जुलिया मारिया क्रेस्पी, बेनिन्योंची नात. त्यांना ऑफिसात 'झारीण' म्हणत. बाईंना पेपर तरुण करायचा होता. १९७२ मध्ये स्पादोलिनीला एकाएकी बाजूला केलं आणि पिएरो ओत्तोने आला. सगळ्या संपादकीय खात्याने निषेध केला, काही उपयोग झाला नाही.

ओत्तोनेने पासोलिनीला पहिल्या पानावर जागा दिली. कारखान्यांच्या धुरा-पाण्याने इटलीतले काजवे नाहीसे झाले, आणि त्याच वर्षांत सत्ताधाऱ्यांच्या हे लक्षातही आलं नाही की सत्ता त्यांच्या हातून निसटली, असा त्याचा लेख १ फेब्रुवारी १९७५ ला इथे आला. राजकीय लेखाची सुरुवात काजव्यांपासून करायची आणि ती पहिल्या पानावर छापायची, हे धाडस आमच्यातल्या किती जणांनी केलं असतं? नोव्हेंबरात पासोलिनीचा खून झाला.

पण याच ओत्तोनेच्या काळात इंद्रो मोंतानेल्ली बाहेर पडला. १९३८ पासून या पेपरचा हुकमी लेखक, १९५६ मध्ये बुडापेस्टच्या रस्त्यांवरून रशियन रणगाड्यांविषयी लिहिणारा. पेपर डावीकडे झुकतोय म्हणून त्याचं पटेना. १९७४ मध्ये त्याने आपल्याबरोबर बरीच मातब्बर मंडळी नेऊन 'जोर्नाले' काढला. २ जून १९७७ ला सकाळी रेड ब्रिगेड या डाव्या दहशतवादी गटाच्या लोकांनी पियात्सा कावूरजवळ त्याच्या पायांवर गोळ्या झाडल्या. दुसऱ्या दिवशीच्या 'कोरिएरे'चा मथळा होता: पत्रकार हे हिंसेचं नवं लक्ष्य. मोंतानेल्लीचं नाव मथळ्यात नाही. आत मजकुरात आहे, मथळ्यात नाही.

नाव मथळ्यात घ्यायचं की नाही, हा प्रश्न डेस्कवर रोज पडतो. "साहेब, नाव वर घेऊ का?" "कोण ओळखतं त्याला? 'नगरसेवक' लिही." असं शंभरदा झालंय. पण ज्याला देशातलं शेंबडं पोर ओळखतं, जो काल-परवापर्यंत आपल्याच शेजारच्या टेबलावर होता, त्याला गोळ्या लागल्यावर 'पत्रकार' लिहायचं, याला जागेची अडचण म्हणत नाहीत. त्या पेपरच्या दीडशे वर्षांतली सगळ्यांत वाईट गोष्ट कोणती असं मला विचारलं तर फॅसिस्टांच्या काळातले अग्रलेख मी दुसऱ्या नंबरला टाकेन. ते बंदुकीखाली लिहिले होते. हा मथळा कुणी जबरदस्तीने लावून घेतला नव्हता.

एव्हाना मालकी बदलली होती. १९७४ मध्ये क्रेस्पी गेले, रित्सोली हे प्रकाशक आले, कर्जात बुडून आले. कर्ज देणाऱ्यांच्या मागे कोण होतं ते १९८१ मध्ये उघड झालं. त्या मार्चमध्ये पोलिसांनी लिचो जेल्ली नावाच्या गृहस्थाच्या जागेवर छापा घातला आणि 'पी-२' या गुप्त मेसॉनिक मंडळाची यादी सापडली: ९६२ नावं. मंत्री, सेनापती, गुप्तहेर खात्यांचे प्रमुख, बँकर रोबेर्तो काल्व्ही, पेपरचा मालक आंजेलो रित्सोली, व्यवस्थापक तास्सान दिन, आणि संपादक फ्रांको दि बेल्ला. आदल्या ऑक्टोबरात याच पेपरने जेल्लीची भली मोठी मुलाखत छापली होती. घेणाऱ्या मुलाखतकाराचंही नाव यादीत निघालं. दि बेल्लाने राजीनामा दिला. सरकार पडलं. नवा पंतप्रधान झाला जोव्हान्नी स्पादोलिनी, नऊ वर्षांपूर्वी खुर्चीवरून उठवलेला तोच संपादक, आणि त्याच्याच सरकारने जानेवारी १९८२ मध्ये कायदा करून पी-२ बरखास्त केलं. कादंबरीत कुणी असं लिहिलं तर आपण 'फारच जुळवून आणलंय' म्हणू. काल्व्हीचं प्रेत त्याच जूनमध्ये लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स पुलाखाली लटकलेलं सापडलं.

वर मालक आणि संपादक हे करत असताना खाली वॉल्टर तोबाजी होता. तेहतीस वर्षांचा बातमीदार, दहशतवादावर लिहिणारा, हे लोक अजिंक्य नाहीत असं आकडे आणि नावं घेऊन सांगणारा. २८ मे १९८० ला सकाळी घराजवळच त्याला गोळ्या घातल्या. मारणारी मिलानची शिकलेली, चांगल्या घरांतली पोरं होती.

त्यानंतरचे संपादक मी भराभर सोडतो. काव्हाल्लारीने डागडुजी केली, ओस्तेल्लिनो, स्तिल्ले, मिएली, दे बोर्तोली. मालकही बदलत गेले, २०१६ पासून उर्बानो काइरो. आताचा संपादक लुचानो फोंताना २०१५ पासून आहे आणि तो पूर्वी कम्युनिस्टांच्या 'उनिता'त होता, हे कळलं असतं तर जुन्या क्रेस्पींना फेफरंच आलं असतं.

मोंतानेल्लीचं सांगायचं राहिलं. 'जोर्नाले'चा मालक झाला होता सिल्व्हिओ बेर्लुस्कोनी; तो राजकारणात उतरला तेव्हा १९९४ मध्ये म्हाताऱ्याने स्वतः काढलेला पेपर सोडला. दुसरा काढला, तो वर्षभरात बुडाला. मग १९९५ मध्ये, शहाऐंशीव्या वर्षी, तो 'कोरिएरे'त परत आला. संपादकपद घेतलं नाही. रोज एक पान वाचकांची पत्रं आणि त्यांना उत्तरं. माझी इटालियनची शिकवणी म्हणाल तर हीच, जुने अंक ग्रंथालयात काढून. वाक्यं छोटी, शब्द रोजचे, आणि चिडका सूर. मुसोलिनी खरंच वेळेवर गाड्या सोडायचा का, इथपासून सगळं लोक विचारायचे. तो कधी सविस्तर सांगायचा, कधी दोन ओळींत कटवायचा.

२२ जुलै २००१ ला तो गेला. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर त्याने स्वतःच लिहून ठेवलेली निधनाची बातमी होती. चार दिवस आधीची तारीख, रात्री एक वाजून चाळीस मिनिटं अशी वेळ. इंद्रो मोंतानेल्ली, पत्रकार, वाचकांचा निरोप घेत आहे, त्यांच्या प्रेमाबद्दल आणि निष्ठेबद्दल आभार. दहन करावं, रक्षा फुचेक्कियो गावात आईच्या थडग्यापाशी ठेवावी, धार्मिक विधी नकोत, शोकसभाही नकोत. पत्रांचं सदर पाओलो मिएलीकडे गेलं. मिएली १९९७ पर्यंत संपादक होता; २००४ मध्ये त्याला पुन्हा खुर्ची मिळाली, तेव्हा त्याने पत्रं एका निवृत्त राजदूताकडे सोपवली आणि तो वरच्या खोलीत जाऊन बसला.